बार्शीच्या वाटेवर मावशीचा एक प्रश्न

"मग माझं काय चुकलं गं?"

मावशीने फोनवर हे विचारलं आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही.

त्याच्या आठवडाभर आधी माझा एक लेख प्रसिद्ध झाला होता. शीर्षक होतं, 'या ७ सवयी लावा, स्तनाचा कर्करोग टाळा'. रोज चाला, घरचं ताजं खा, वजन आटोक्यात ठेवा, दारूपासून लांब राहा, बाळाला अंगावर पाजा, असं सगळं त्यात होतं. कंटेंट रायटर म्हणून असे लेख मी बरेच लिहिले आहेत. हा लेख व्हॉट्सअॅपवरून फिरत फिरत बार्शीजवळच्या एका लहान गावात, मावशीच्या घरी पोचला. तिच्या नातीने तो तिला मोठ्याने वाचून दाखवला.

मावशीला दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ५६व्या वर्षी, स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन झालं, किमो झाली. आता ती रोज एक गोळी घेते आणि दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते. माझ्या लेखातल्या सगळ्या गोष्टी ती जन्मभर करत आली आहे. तीन मुलं अंगावर पाजून वाढवली. दारूचा थेंब नाही. अंगाने काटक. चालण्याचं तर विचारूच नका.

फेब्रुवारीत तिची पुढची तपासणी होती. आईने विचारलं, "तू जातेस का तिच्यासोबत?" मी लगेच हो म्हटलं. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं.

कुर्डुवाडीहून पुढे

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. भिगवणच्या आसपास उजनी धरणाचं पाणी दिसायला लागतं. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात, म्हणून डब्यातली लहान मुलं खिडकीला नाक लावून बसली होती. पुढे जमीन काळी होत जाते, झाडं विरळ होतात आणि आभाळ मोठं वाटायला लागतं. कुर्डुवाडी जंक्शनला मी उतरले. तिथून बार्शी साधारण पस्तीस किलोमीटर.

या पस्तीस किलोमीटरची एक गोष्ट आहे. १८९७ साली इथे 'बार्शी लाइट रेल्वे' सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने ती आखली होती. लहान रुळांवरूनही भरपूर माल आणि माणसं नेता येतात, हे या गाडीने दाखवून दिलं. पुढे ती एका बाजूला लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला मिरजेपर्यंत गेली. आता तिथे ब्रॉडगेज आहे. माझी आई आणि मावशी लहानपणी त्या छोट्या गाडीने आजोळी जायच्या. "धावत जाऊन चढता यायचं तिच्यात," असं आई अजून सांगते.

मी मात्र एसटीने गेले. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, म्हणजे रब्बीची ज्वारी. काही शेतांत काढणी सुरू झाली होती. ही ज्वारी कापत नाहीत. ताटं मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या आणि मग कणसं मोडायची. बसमधून जिकडे बघावं तिकडे वाकलेल्या बायका दिसत होत्या. डोक्याला पदर, हातात पेंढी. मला माझ्या लेखातलं वाक्य आठवलं, 'आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास व्यायाम करा'. ते वाक्य या शेतात कुणाला वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नसती.

घड्याळाने मोजलेला दिवस

मावशी फाट्यावर घ्यायला आली होती. केस आता परत दाट आलेत, थोडे कुरळे. मला बघताच म्हणाली, "आलीस व्हय? वाळलीस की गं. दिवसभर त्या कम्प्युटरम्होरं बसून खातीस तरी का काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझं स्मार्टवॉच तिच्या मनगटावर बांधलं. बांधलं ते उजव्या हाताला. डावीकडच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, म्हणून डाव्या हाताला सूज येऊ नये यासाठी तो जपायला सांगितलाय. तिला ते घड्याळ म्हणजे पोरखेळ वाटला, पण माझ्यासाठी तिने घातलं.

पाचला उठून तिने अंगण झाडलं, पाणी भरलं, चुलीवर ज्वारीच्या भाकरी केल्या. सोबत मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. डबा घेऊन आम्ही शेतावर निघालो. शेत घरापासून दीड किलोमीटर. ताटं उपटायचं काम ती आता करत नाही. सुनेशेजारी बसून एका हाताने जमेल तेवढी कणसं मोडते. "एवढ्याला काय जोर लागतोय?" असं म्हणत तिने दुपारपर्यंत मोठा ढीग केला. मी अर्ध्या तासात कंबर धरून बांधावर बसले.

संध्याकाळी घड्याळ बघितलं. अकरा हजारांहून जास्त पावलं. आजारातून उठलेल्या, ५८ वर्षांच्या बाईची, आणि तीसुद्धा तिच्या मते 'आता काहीच काम होत नाही' अशा दिवसाची. माझ्या एरवीच्या दिवसात तीन हजार झाली तरी मला बरं वाटतं.

बार्शीची एक वेगळी ओळख

बार्शी म्हटलं की लोकांना भगवंताचं देऊळ आठवतं, तूरडाळीची बाजारपेठ आठवते, नाहीतर ती छोटी रेल्वे. पण कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या लोकांना हे गाव वेगळ्या कारणासाठी माहीत आहे.

कर्करोग कुणाला होतो, किती जणांना होतो, हे कळायला प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी लागते. भारतात अशी लोकसंख्येवर आधारलेली पहिली नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली. नंतर इतर मोठी शहरंही आली. पण खेड्यांचं काय? तिथे माणूस कशाने गेला याची धड नोंद नसायची. बरेच रुग्ण दवाखान्यात पोचायचेच नाहीत. मग १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या खेड्यांसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमधून भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने यांनी हे काम उभं केलं.

रुग्ण येण्याची वाट बघत बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. कार्यकर्ते गावोगाव गेले. सरपंच, शिक्षक, दाया, जाणती माणसं यांना भेटले. लोकांना एकत्र बसवून लक्षणं समजावली. ज्यांना शंका होती त्यांना तपासणीसाठी बार्शीला यायला तयार केलं. वर्षभरात पुन्हा त्याच गावात गेले. नोंदणीच्या निमित्ताने आरोग्यशिक्षणच झालं.

या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट दिसली. स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण बार्शीच्या खेड्यांत मुंबईपेक्षा बरंच कमी आहे. वयाचा फरक हिशेबात घेऊनही मुंबईतलं प्रमाण इथल्या दुपटीहून जास्त येतं. दोन्हीकडची माणसं मराठी मुलखातलीच, अंतर एका रात्रीच्या प्रवासाचं. तरी एवढा फरक.

कमी का?

याची कारणं समजून घेताना एक गोष्ट आधी लक्षात ठेवायला हवी. स्तनाचा कर्करोग बऱ्याचदा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी जोडलेला असतो. शरीराचा या संप्रेरकाशी जितका जास्त काळ आणि जितका जास्त संबंध येतो, तितका धोका थोडा वाढतो.

खेड्यातल्या बाईला मुलं लवकर होतात, जास्त होतात आणि ती प्रत्येकाला दीड-दोन वर्षं अंगावर पाजते. त्या काळात पाळी बराच काळ थांबलेली असते आणि स्तनातल्या पेशीही बदलतात. २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. अंगावर पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं.

दुसरं कारण कष्टाचं. ज्या स्त्रिया नियमित शारीरिक हालचाल करतात, त्यांच्यात धोका साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी आढळतो. तिसरं वजन. पाळी थांबल्यानंतर बीजकोशांतून इस्ट्रोजेन येणं जवळजवळ बंद होतं, पण शरीरातली चरबी ते बनवत राहते. म्हणून पन्नाशीनंतर वाढलेलं वजन धोका वाढवतं. चौथं कारण दारू. रोजच्या एका लहान पेगानेही धोका ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. वाइन असो की बिअर, फरक पडत नाही.

हे सगळं मी लेखात लिहिलं होतं. पण मावशीच्या अंगणात बसल्यावर या आकड्यांची दुसरी बाजू दिसली. ज्याला आपण 'निरोगी जीवनशैली' म्हणतो, ती इथल्या बायकांनी निवडलेली नाही. मावशीचं लग्न सोळाव्या वर्षी झालं, पहिलं मूल अठराव्या. ते तिला कुणी विचारून झालं नव्हतं. कुणी म्हणेल, लवकर लग्न केल्याने कर्करोग कमी होतो, तर करा मुलींची लग्नं लवकर. पण त्याने पोरींच्या जिवाचं आणि आयुष्याचं जे नुकसान होतं ते कुठल्याच हिशेबात बसत नाही.

शिवाय खेड्यातलं सगळंच तब्येतीला चांगलं असतं असंही नाही. मावशीच्या शेजारणी सकाळी मिश्री लावतात. ती तंबाखूच आहे आणि तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होतो. चुलीचा धूर छातीत जातो. आणि गावही बदलतंय. दीड किलोमीटरच्या शेतावर पोरं आता मोटरसायकलने जातात, किराणा दुकानाच्या दारात बिस्किटांच्या आणि कुरकुरीत खाऊच्या माळा लटकतात.

म्हणजे खेड्याकडून जे घ्यायचं ते निवडून घ्यायला हवं. चालणं घ्यावं, घरची भाकरी-भाजी घ्यावी, बाळाला अंगावर पाजणं घ्यावं. बाकीचं तिथेच राहू द्यावं.

"मग माझं काय चुकलं?"

रात्री जेवणं झाल्यावर मावशीने तो प्रश्न परत काढला. अंगणात खाट टाकली होती. थंडी होती, तिने माझ्या पायांवर गोधडी घातली.

मी तिला सांगितलं, "तुझं काही चुकलं नाही. माझ्या लेखाचं शीर्षक चुकलं."

धोका कमी होणं आणि धोका संपणं यात मोठा फरक आहे. चांगल्या सवयी असणाऱ्या हजार बायका घेतल्या तर त्यांच्यात हा आजार कमी जणींना होईल. पण कुणालाच होणार नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की स्तनाचा कर्करोग होणाऱ्या साधारण निम्म्या स्त्रियांमध्ये, त्या स्त्री आहेत आणि त्यांचं वय चाळिशीपुढे आहे, याखेरीज दुसरं ठळक कारण सापडत नाही. पाच ते दहा टक्के जणींना तो आईवडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो. क्वचित पुरुषांनाही होतो. या आजाराला आपल्या वागण्याची शिक्षा समजणं चूक आहे.

मी हे सगळं माझ्या परीने सोपं करून सांगत होते. मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी असं बघ. पेरणी वेळेवर केली, रान चांगलं राखलं, तरी एकांद्या साली गारा पडत्यात. पण म्हणून पुढच्या साली पेरायचं सोडतंय का कोण?"

मी नाही म्हटलं.

"मग तसं लिहायचं की. टाळा म्हणून कशाला लिहिलंस? नात वाचत हुती तवा सून माझ्याकडं बघाया लागली. म्हटलं, आता हिला वाटंल सासूनं कायतरी केलं असणार."

यावर मला बोलायला काही उरलं नाही. मी लेख लिहिताना वाचणाऱ्या निरोगी माणसाचाच विचार केला होता. आजारातून गेलेली बाईही तो वाचेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

आठ महिने

मग मावशीने स्वतःहून एक गोष्ट सांगितली. ती तिने आईलाही कधी सांगितली नव्हती.

गाठ तिला आठ महिने आधीच लागली होती. आंघोळ करताना हाताला लागली, हरभऱ्याच्या घाट्याएवढी. दुखत नव्हती. दुखत नाही तर काय करायचं, असं तिला वाटलं. तेव्हा सोयाबीनची काढणी होती, नंतर नातीचं बारसं आलं, नंतर शाळू आला. मधे एकाने लावायला मलम दिलं, ते महिनाभर लावलं. मुलाला सांगायची लाज वाटली. "अंगावर गाठ आली असं पोराला कसं सांगावं?" ती म्हणाली. आपल्याकडे 'अंगावर' या एका शब्दात किती काय झाकलेलं असतं! मूल अंगावर पाजायचं, गाठही अंगावरच. त्या अवयवाचं नाव घ्यायला जीभ वळत नाही, मग डॉक्टरला दाखवायचं तर लांबच राहिलं.

बार्शीला पोचली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेत पसरली होती.

खेड्यांतला खरा धोका मला इथे समजला. आजार कमी जणींना होतो, पण ज्यांना होतो त्यांच्यातल्या पुष्कळ जणी उशिरा पोचतात. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे, आणि त्याच वर्षातले मृत्यू सुमारे ९८ हजार. लवकर सापडला तर हा आजार बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. तरी मृत्यूंचा आकडा एवढा मोठा आहे आणि त्यामागे उशीर हे एक मोठं कारण आहे.

तपासणीसाठी प्रत्येक वेळी मोठं यंत्रच लागतं असंही नाही. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने एक अभ्यास केला. दीड लाखाहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या साधारण निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासणी केली. वीस वर्षांनंतर, २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये असा फरक दिसला नाही, पण गाठ लवकर सापडण्याचा फायदा त्यांनाही झाला.

आम्ही बोलत होतो तेव्हा शेजारची सून भांडी घासायला बाहेर आली होती. वय तिशीच्या थोडं पुढे. भांड्यांचा आवाज कधी थांबला ते आम्हाला कळलं नाही. थोड्या वेळाने ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? दुखत नसंल तर काळजीचं नसतंय ना?"

मावशी खाटेवर उठून बसली. "कुठं लागली गाठ?"

जीपमध्ये आणखी दोघी

सकाळी बार्शीला जाताना जीपमध्ये आम्ही चौघी होतो. मावशी, मी, शेजारची सून आणि तिची जाऊ. जावेला काही झालं नव्हतं, पण "दाखवून घेते मी पण" म्हणत ती निघाली. घरी काय सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मावशींसंगं भगवंताच्या दर्शनाला चाललोय."

दवाखान्याच्या बाकावर गावागावांच्या बायका बसल्या होत्या. कुणाच्या डोक्याला स्कार्फ, कुणाच्या पिशवीतून भाकरीचं गाठोडं डोकावत होतं. मावशीला तिथल्या दोघी-तिघी ओळखत होत्या. किमोच्या वेळच्या मैत्रिणी. त्यांची चौकशी, पिकाची चौकशी, सुनेची तक्रार, सगळं रीतसर झालं. मावशीची तपासणी चांगली निघाली. "सहा महिन्यांनी या," असं डॉक्टर म्हणाल्या. शेजारच्या सुनेची सोनोग्राफी झाली, सुईने नमुना घेतला. रिपोर्ट यायला चार दिवस लागणार होते.

मग घरी सांगितलं होतं त्याप्रमाणे आम्ही खरंच भगवंताच्या दर्शनाला गेलो. हे विष्णूचं जुनं, दगडी देऊळ. इथल्या देवाला अंबरीषवरद म्हणतात. अंबरीष राजा एकादशीचा उपास करून द्वादशीला पारणं सोडायचा. एकदा दुर्वास ऋषी पाहुणे आले आणि स्नानाला गेले ते परत येईनात. द्वादशी संपत आली. पाहुण्याआधी खावं तर अपमान, न खावं तर वेळ टळून व्रत मोडतं. शेवटी राजाने फक्त पाणी पिऊन पारणं केलं. ऋषी रागावले, आणि भक्तासाठी देव धावून आला. बारस म्हणजे द्वादशी, त्यावरूनच बार्शी हे नाव पडलं, असं इथले लोक सांगतात. एकादशीला पंढरपूर आणि द्वादशीला बार्शी, असा अनेक वारकऱ्यांचा क्रमही आहे.

सभामंडपात टेकून बसल्यावर मावशी दोघी सुनांना ही गोष्ट सांगत होती. शेवटी म्हणाली, "वेळ टळू दिली नाही राजानं. मी आठ महिने टाळली. तुम्ही नका टाळू."

घरी नेण्यासारखं काही

परतीच्या गाडीत मी वहीत लिहायला घेतलं. या वेळी मावशी वाचणार आहे हे लक्षात ठेवून.

रोजचं चालणं हवंच. आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. ती एकदम करायची गरज नाही. एक बसथांबा आधी उतरा, जिना चढा, फोनवर बोलताना फेऱ्या मारा. घरात सगळ्यांनी मिळून चालायला गेलं तर आईला स्वतःसाठी वेळ वेगळा काढावा लागत नाही.

वजनाकडे पन्नाशीनंतर जास्त लक्ष द्या. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, फळं यांनी पोट भरतं आणि वजन आटोक्यात राहायला मदत होते. अमुक एक पदार्थ खाल्ला की कर्करोग होत नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दारू जितकी कमी तितकं चांगलं, नसेल तर उत्तम. तंबाखू, मिश्रीसुद्धा, सोडाच.

बाळाला अंगावर पाजता येत असेल तर जरूर पाजा, आणि घरच्यांनी त्या आईला वेळ, जेवण आणि आराम द्या. ज्यांना पाजता आलं नाही, ज्यांना मूल नाही, त्यांनी स्वतःला दोष देऊ नका. पाळी थांबताना किंवा थांबल्यावर हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर त्यांचे फायदे-तोटे डॉक्टरांशी नीट बोलून घ्या.

आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, विशेषतः कमी वयात, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे मला माझ्या आईलाही सांगायचं होतं. मावशी तिची सख्खी बहीण. दोघींना एकमेकींच्या साड्या, पाककृती, दुखणारे गुडघे सगळं माहीत, पण आईने स्वतःची तपासणी एकदाही केली नव्हती.

आणि सगळ्या सवयी असूनही आपल्या शरीराची ओळख ठेवा. स्तनात किंवा काखेत गाठ, आकारात बदल, कातडीला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, लाली, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, यांतलं काही दिसलं तर दुखायची वाट बघू नका. सुरुवातीला ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासल्यावरच कळतं. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्या स्त्रियांची स्तनांची तपासणी आरोग्य केंद्रांवर केली जाते. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावला, जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

चौथ्या दिवशी मावशीचा फोन आला. शेजारच्या सुनेची गाठ साधी निघाली होती, कर्करोगाची नाही. घरी आता सगळ्यांना कळलं होतं. "सासू आधी चिडली," मावशी म्हणाली, "मग हळूच मला म्हणती, पुढच्या वेळी जाशील तर मला बी घिऊन चल."

त्याच आठवड्यात मी आईला तपासणीसाठी घेऊन गेले. आणि संपादकांना विनंती करून जुन्या लेखाचं शीर्षक बदलून घेतलं. 'टाळा' हा शब्द काढला. तिथे आता 'स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी करणाऱ्या ७ सवयी, आणि आठवी: वेळेवर दाखवणं' असं आहे. नातीने तो मावशीला परत वाचून दाखवलाय. या वेळी सुनेनेही शेजारी बसून ऐकला म्हणे.